नापास पातं

मँचेस्टर विमानतळ, पहाटेचे पाच चाळीस.
पडद्यावर निळी आकृती सरकत आली,
बोटाहून थोडी लांब, कमरेत किंचित वाकलेली,
बुडाशी सूचिपर्णी झाडासारखे दाते.
मी पट्टा थांबवला.

"माझीच बॅग," म्हणाली एनिड ग्रेटोरेक्स,
डर्बीची, वय एकाहत्तर,
पायात नुसते मोजे, बूट अजून ट्रेमध्ये.
"पातं आहे, जेट इंजिनचं.
हॅलिफॅक्सला नातवाला नेतेय.
घाबरू नकोस, नापास आहे ते."
जणू नापास वस्तूला धार नसते.

मागे रांग खोकत होती.
ती मात्र सावकाश सांगत राहिली.
मेणाचं पातं करायचं, त्यावर चिनी मातीचं कवच,
मेण वितळून गेलं की त्या पोकळीत धातू.
तळाशी असंख्य स्फटिक एकदम उगवतात,
मग वाटेत एक वेटोळं येतं,
डुकराच्या शेपटीसारखं,
त्यातून एकच वर पोचतो, आणि पातं तेवढ्या एकाचंच होतं.
"कधी तरी दुसरा एखादा चोरून शिरतो.
आम्लात बुडवलं की दिसतो,
नखाच्या कोरीएवढी वेगळी छटा.
एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून
मी तेवढंच शोधलं.
एकतीस वर्षं नाही म्हणायचा पगार घेतला."

मी विचारलं, तेवढ्याने काय बिघडतं?
"बहुतेक काहीच नाही."
मग बुटाची नाडी ओढत म्हणाली,
"पण 'बहुतेक' हा शब्द आमच्याकडे चालत नसे."

हे पातं जिथे फिरतं
तिथला वायू त्याच्या वितळण्यापेक्षा तापलेला.
म्हणून अंगभर बारीक भोकं,
भोकांतून सतत गार हवा.
"गार म्हणजे आमच्या हिशेबात गार हं,
तुझ्या पावाचा कोळसा होईल."
आणि मुळाशी ओढ केवढी, तर
भरलेली लॉरी टांगल्यासारखी.
हे सगळं हजारो तास,
पंखावरून खाली न उतरता.

तिचा मामा होरेस जुन्या पंख्यांच्या विमानांवर मेकॅनिक.
तेव्हा चार इंजिनं घेऊन निघायचे
आणि तीन चालू असली तरी
प्रवाशांना चहा दिला जायचा.
मामाच्या कोटात कायम एक स्पार्क प्लग,
चर्चमध्येसुद्धा.
आता इंजिनं दोन, खाली अख्खा अटलांटिक,
आणि लोक सिनेमा बघता बघता झोपतात.
"मी मात्र आज पहिल्यांदाच बसतेय,
आम्ही सुट्टीला स्केगनेसला जायचो. बसने."

मी पट्टी लावली.
नियम सहा सेंटिमीटरचा, पातं आठ भरलं.
नाही नेता येणार, मी म्हणालो.
मला वाटलं, रडेल किंवा वरच्याला बोलाव म्हणेल.
तिने पातं एकदा अंगठ्याने पुसलं
आणि माझ्या हातात दिलं.
"बरोबर. मीही हेच केलं असतं."

आठला स्टॉकपोर्टच्या अंगाने विमान वर गेलं.
आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही.
ते पोचलं असणार.
पोचलं असं मला कुणी कळवलं नाही,
न पोचतं तर कळवलं असतं.

पाळी संपताना डबा रिकामा करायचा असतो.
तीन कात्र्या, एक बुचकाढणं, केकची सुरी,
आणि ते.
दिव्याखाली धरलं, उलटं केलं,
कलतं धरलं, श्वास रोखून पाहिलं,
माशी कुठे शिंकली ते काही दिसेना.
दुसऱ्या पाळीचा इद्रिस म्हणाला, काय शोधतोयस?
काही नाही, म्हणालो.
वही काढली. 'धातूची वस्तू, एक,' लिहिलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात
बराच वेळ पेन तसंच धरून राहिलो.